दीव येथील ‘खुकरी’ स्मारक : एका हानीच्या स्मृतीची चिकित्सा

प्रस्तावना

युद्धस्मारकांचा विचार आपल्याकडे बहुधा शिल्प, स्थापत्य किंवा पर्यटन यांच्या अंगाने केला जातो. स्मारक हेही एक विधान असते, त्याची स्वतःची भाषा असते, त्यात काही गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहिल्या जातात आणि काही गाळल्या जातात, या दृष्टीने मराठीत फारसे लेखन झालेले दिसत नाही. एखाद्या साहित्यकृतीची चिकित्सा आपण ज्या काटेकोरपणे करतो, तो काटेकोरपणा स्मारकाच्या वाट्याला सहसा येत नाही. स्मारकासमोर मान लवते, आणि लवलेली मान प्रश्न विचारत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

समुद्रावरील युद्धाच्या स्मारकापुढे आणखी एक मूलभूत अडचण असते. जमिनीवरील रणांगण दाखवता येते. पावनखिंडीत उभे राहून ती अरुंद वाट पाहता येते, पानिपतच्या मैदानावर जाता येते. समुद्रात नौका जेथे बुडाली तेथे मात्र दुसऱ्या दिवशी लाटांखेरीज काहीही नसते. देह मिळत नाहीत, स्थळावर खूण करता येत नाही. जे दिसत नाही ते दूर कोठेतरी जमिनीवर उभे करणे, हे नौदलीय स्मारकाचे काम असते.

९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या भारतीय नौदलाच्या ‘खुकरी’ या फ्रिगेटचे दीव येथील स्मारक या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांच्या आधारे त्याची चिकित्सा केली आहे. हे स्मारक नेमके काय दाखवते? ते कोणाचे स्मरण करते? आणि ते कशाविषयी मौन पाळते?

घटनेची पार्श्वभूमी

३ डिसेंबर १९७१ रोजी युद्धास तोंड फुटले. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ‘ऑपरेशन ट्रायडेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कारवाईत पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली. ८ डिसेंबरच्या रात्री ‘ऑपरेशन पायथन’मध्ये ‘विनाश’ या नौकेने कराचीवर पुन्हा क्षेपणास्त्रे डागली. पश्चिम समुद्रावर भारतीय नौदलाचे वर्चस्व प्रस्थापित होत असतानाच सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला. तिच्या शोधार्थ मुंबईहून चौदाव्या फ्रिगेट पथकातील ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या नौका धाडण्यात आल्या.

‘खुकरी’ ही ब्रिटनमधील काउज येथे जे. सॅम्युएल व्हाइट या कंपनीने बांधलेली, १९५८ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली नौका. ब्रिटिश नौदलाच्या ‘ब्लॅकवुड’ वर्गातील या नौकांची रचनाच मुळी पाणबुड्यांचा माग काढून त्यांचा नाश करण्यासाठी झाली होती. तिच्यासमोर असलेली ‘हँगोर’ ही पाणबुडी फ्रेंच बनावटीची, ‘दाफने’ वर्गातील आणि वयाने बरीच तरुण होती. ध्वनिलहरींच्या साहाय्याने शत्रूचा वेध घेण्याच्या बाबतीत ती ‘खुकरी’च्या जुन्या सोनार यंत्रणेपेक्षा सरस होती. ज्याने शोधायचे तोच आधी शोधला गेला. ९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास ‘हँगोर’ने सोडलेला पाणतीर ‘खुकरी’वर आदळला आणि दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर ती काही मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक असे एकूण १९४ जण तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी परतलेल्या ‘कृपाण’ने आणि ‘कच्छल’ने ६ अधिकारी व ६१ नौसैनिकांना समुद्रातून वाचवले.

नौकेचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडण्यास नकार दिला. सहकाऱ्यांना बाहेर पडण्यास मदत करून, स्वतःचे जीवरक्षक जाकीटही दुसऱ्याला देऊन ते नौकेबरोबर बुडाले, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र प्रदान करण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना होती. त्यानंतरची घटना १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘जनरल बेलग्रानो’ या अर्जेंटिनाच्या क्रूझरबाबत घडली. म्हणजेच ‘खुकरी’चे बुडणे ही जागतिक नौदलीय इतिहासातही नोंद झालेली घटना आहे. आपल्या सार्वजनिक स्मृतीत मात्र तिची जागा त्या मानाने फारच लहान आहे.

विजयाची तारीख आणि हानीची तारीख

स्मारकाकडे वळण्यापूर्वी दिनदर्शिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. भारतीय नौदल दरवर्षी ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा करते. त्या तारखेची निवड कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ झाली आहे. पाकिस्तानचे नौदल ९ डिसेंबर हा ‘हँगोर दिन’ म्हणून पाळते. पाच दिवसांच्या अंतरावरील या दोन तारखा दोन राष्ट्रांनी वाटून घेतल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या विजयाची तारीख उचलली आहे. १९४ जणांच्या मृत्यूची तारीख, ज्यांचे ते १९४ होते त्यांच्या सार्वजनिक दिनदर्शिकेत ठळक नाही. ज्यांनी त्यांना मारले त्यांच्या दिनदर्शिकेत ती आहे.

हाच प्रकार शिल्पांच्या निवडीतही आढळतो. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील ‘वीरता चक्रा’त भारतीय सैन्यदलांच्या सहा लढायांची कांस्यशिल्पे आहेत. नौदलाच्या वाट्याला आलेले शिल्प ‘ऑपरेशन ट्रायडेंट’चे आहे. ही निवड अयोग्य आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती बोलकी आहे. राष्ट्राच्या मध्यवर्ती स्मृतिस्थळी विजय शिल्पात दिसतो, हानी मात्र ‘त्याग चक्रा’तील हजारो नावांत विखुरलेली असते. त्यामुळे ‘खुकरी’ला एक घटना म्हणून, एक संपूर्ण नौका म्हणून, स्मरणाचे स्थान उरते ते मुख्यतः दीव येथे. त्या स्मारकावरील जबाबदारी म्हणूनच मोठी आहे.

स्मारकाचे रूप : काचेतील नौका

दीवचे स्मारक १९९९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर २८ वर्षांनी उभे राहिले. पश्चिम नौदल कमांडचे तत्कालीन प्रमुख व्हाइस ॲडमिरल माधवेंद्र सिंग यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. चक्रतीर्थाच्या परिसरात, समुद्रासमोरील टेकडीवर एका काचघरात ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवलेली, असे त्याचे मूळ स्वरूप आहे. पर्यटकांसाठीच्या काही माहितीत या प्रतिकृतीला ‘पूर्णाकृती’ म्हटलेले आढळते. मूळ नौकेची लांबी ९० मीटरांहून अधिक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हे वर्णन किती असावधपणे केले गेले आहे ते कळते. प्रतिकृती लहान आहे आणि ती लहान असण्यातच तिचा अर्थ आहे.

या रचनेतील बलस्थान म्हणजे जागेची निवड. काचेतील नौका पाहताना नजर आपोआप तिच्यापलीकडे, क्षितिजाकडे जाते. त्या क्षितिजापलीकडेच कोठेतरी खरी नौका तळाशी आहे. प्रतिकृती आणि तिचे मूळ यांच्यामध्ये समुद्र पसरलेला आहे, आणि तो समुद्र हाच या स्मारकाचा सर्वांत मोठा व सर्वांत प्रभावी भाग आहे. कोणत्याही शिल्पकाराला जे घडवता आले नसते ते येथे स्थानाने साधले आहे. ही नौका मुंबईहून निघाली होती. तिचे स्मारक मुंबईतील एखाद्या चौकात उभारले असते तर ते वाहनांच्या गर्दीत हरवले असते. दीवचा निर्जन कडा त्याला मानवतो.

काचघराची भाषा मात्र वेगळी आहे. काचेत आपण ठेवतो ती जपण्याची, धूळ लागू नये अशी वस्तू. ती संग्रहालयाची, दिवाणखान्याची भाषा आहे. काचेतील ‘खुकरी’ अखंड आहे. तिच्या बाजूला भगदाड नाही, ती कललेली नाही. म्हणजेच हे स्मारक नौका दाखवते, घटना दाखवत नाही. मृत्यूच्या स्मारकात मृत्यू अनुपस्थित आहे.

वीरगळ आणि पालाशविधी : दोन देशी संदर्भ

या अनुपस्थितीचे महत्त्व कळण्यासाठी आपल्याच परंपरेतील एका सागरी स्मारकाकडे पाहावे लागेल. मुंबईत बोरिवलीजवळील एक्सर येथे मध्ययुगीन वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. ही लढाई कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण तिचा संबंध शिलाहार व यादव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी जोडतात. येथे महत्त्वाची आहे ती वीरगळाची रचना. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत लढाई आणि मृत्यू, त्यावर वीराचे स्वर्गारोहण, आणि सर्वांत वर शिवपूजा. पाहणाऱ्याला वर, सांत्वनाकडे जाण्यापूर्वी तळाच्या पट्टीवरून, म्हणजे मृत्यूवरून जावेच लागते. मध्ययुगीन पाथरवटाला मृत्यू लपवण्याची गरज वाटली नाही. सन्मानाची पायरी त्याने मृत्यूच्या दृश्यावरच रचली.

‘खुकरी’च्या स्मारकात ही तळाची पट्टी नाही. पाहणारा थेट सन्मानाशी पोहोचतो. सन्मान कशाबद्दल, तो प्रसंग कसा होता, अंधारात ती काही मिनिटे कशी गेली असतील, याकडे स्मारकाचे रूप त्याला नेत नाही.

दुसरा संदर्भ अंत्यविधीचा आहे. मृताचा देह हाती लागला नाही तर हिंदू परंपरेत पालाशविधी करतात. पळसाची पाने किंवा दर्भ यांची मानवाकृती करून तिच्यावर संस्कार केले जातात. ‘खुकरी’वर सर्व धर्मांचे नौसैनिक असत, तेव्हा एखाद्या विशिष्ट विधीची चौकट त्यांच्यावर लादण्याचा येथे हेतू नाही. परंतु देहाच्या जागी प्रतिकृती ठेवून शोकाला वाट करून देणे, ही मानवी गरज या विधीतून स्पष्ट होते. दीव येथील प्रतिकृतीला या अर्थाने एका हरवलेल्या देहाची जागा घ्यावी लागते. फरक एवढाच, की पालाशविधीतील आकृती शेवटी अग्नीच्या स्वाधीन होते आणि शोक करणारा मोकळा होतो. काचेतील आकृती मात्र तशीच राहते. ती शोक पूर्ण करत नाही, तो जपून ठेवते. स्मारकाचे हे वैगुण्य म्हणावे की वैशिष्ट्य, याचे उत्तर पाहणारा कोण आहे यावर अवलंबून राहील. ज्यांच्या घरातील माणूस परत आला नाही त्यांना न संपलेला शोक हेच सत्य वाटण्याचा संभव आहे.

एक नाव आणि एकशे चौऱ्याण्णव नावे

‘खुकरी’ म्हटले की कॅप्टन मुल्ला यांचे नाव येते, आणि ते यावे हे उचितच आहे. बुडत्या नौकेवर थांबणाऱ्या कप्तानाची प्रतिमा विलक्षण प्रभावी आहे. नौकेवरील अखेरच्या माणसाची जबाबदारी आपली, ही जगभरातील दर्यावर्दी परंपरेतील धारणा त्यांनी प्राण देऊन पाळली.

परंतु एका व्यक्तीच्या तेजात बाकीचे दिसेनासे होतात, हा सर्व वीरकथांचा धोका आहे. नौका ही समूहाची रचना असते. इंजिनघरात, बॉयलरपाशी, दारूगोळ्याच्या कोठारात, स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांना पाणरेषेखाली असल्यामुळे बाहेर पडण्याची संधी सर्वांत कमी असते. कप्तानाला निवड करता आली. त्याने थांबण्याची निवड केली, म्हणून ती वीरगाथा झाली. खालच्या मजल्यावरील बहुसंख्यांना निवडीचा अवसरच मिळाला नसणार. ज्याला निवड करता आली त्याचा त्याग आणि ज्याला ती करता आली नाही त्याचा मृत्यू, या दोन्हींना सामावून घेणारी भाषा आपल्या स्मारकांना अजून सापडलेली नाही. ‘बलिदान’ हा एकच शब्द आपण दोहोंना वापरतो आणि त्यातील भेद पुसून टाकतो.

या बाबतीत मुंबईतील एका जुन्या, दुर्लक्षित स्मारकाचा दाखला देता येतो. मशीद बंदर परिसरातील नाविकगृहात, पहिल्या महायुद्धात समुद्रावर मृत्यू पावलेल्या अविभाजित भारताच्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक नाविकांची नावे ग्रंथरूपाने जतन केलेली असून मुंबईप्रमाणेच चितगाव येथेही त्यांचे स्मरण केले आहे. यांतील पुष्कळ जण व्यापारी जहाजांवरील खलाशी होते, आणि कोकणच्या किनाऱ्यावरून अशा नोकरीला जाणाऱ्यांची परंपरा मोठी होती. या स्मारकात कप्तानाची कथा मध्यवर्ती नाही. नावांची यादीच मध्यवर्ती आहे. वसाहतवादी सत्तेने उभारलेले असूनही, नाव हाच सन्मानाचा किमान आणि समान घटक, हे तत्त्व त्यात पाळले गेले आहे. स्वतंत्र राष्ट्राच्या स्मारकाने याहून एक पाऊल पुढे जावे, नावाबरोबर त्या माणसाचे काम, गाव आणि वय यांनाही जागा द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मौनाचा प्रश्न

‘खुकरी’ का बुडाली? या प्रश्नाचे एक उत्तर तांत्रिक आहे. नौदलाचा १९६५ ते १९७५ या कालखंडाचा अधिकृत इतिहास व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी यांनी ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ या ग्रंथात लिहिला आहे. जुन्या यंत्रणेच्या फ्रिगेट आणि आधुनिक पाणबुडी यांच्यातील विषम लढतीची चर्चा त्यात मोकळेपणाने आली आहे. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वाचलेल्या नौसैनिकांच्या आठवणी एकत्र केल्या. सोनारची क्षमता वाढवण्यासाठी नौकेवर एक प्रायोगिक उपकरण बसवले होते आणि त्याच्या वापरासाठी नौकेचा वेग कमी ठेवला गेला होता, हा मुद्दाही या लेखनातून चर्चेत आला. कमी वेगाने सरळ जाणारी नौका पाणबुडीला सोपे लक्ष्य ठरते, हे नौदलीय डावपेचांचे प्राथमिक तत्त्व आहे.

थोडक्यात, प्रश्न विचारले गेले आहेत, आणि ते नौदलाच्या व सैन्यदलाच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनीच विचारले आहेत. ग्रंथांमध्ये जे खुलेपणाने आले ते स्मारकाच्या भाषेत मात्र उतरलेले नाही. स्मारक शौर्याविषयी बोलते, कारणांविषयी बोलत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. स्मारक म्हणजे चौकशी समिती नव्हे. तेथे येणाऱ्या वीरपत्नीला किंवा मुलाला यंत्रणेतील उणिवांची यादी वाचायला लावणे हे क्रौर्य ठरेल. आप्ताचा मृत्यू टाळता आला असता, हे दगडावर कोरलेले पाहण्यापेक्षा मौन अधिक दयाळू असते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याची दुसरी बाजू अशी, की कार्डोझो यांच्या ग्रंथाला बोलायला वाचलेले लोकच पुढे आले. हानी ज्यांनी प्रत्यक्ष सोसली त्यांनी मौनापेक्षा सांगण्याची निवड केली. तेव्हा मौन खरोखर कोणासाठी दयाळू असते, शोकाकुलांसाठी की व्यवस्थेसाठी, हा प्रश्न उरतोच. दोष देणे आणि कारण सांगणे यांत अंतर आहे. आपली उपकरणे कमी पडतात हे जाणूनही शत्रूच्या शोधात जाणे, हे पूर्ण सज्जतेने जाण्याहून अधिक धैर्याचे आहे. कारणे सांगितल्याने शौर्य उणावत नाही. उलट त्याचे खरे मोजमाप कळते.

मूळ वस्तू, प्रतिकृती आणि नाव

स्मारकासाठी काय वापरावे, याची वेगवेगळी उत्तरे जगात दिली गेली आहेत. पर्ल हार्बर येथे १९६२ मध्ये समर्पित झालेले ‘ॲरिझोना’ स्मारक बुडालेल्या युद्धनौकेच्या अवशेषांवर, त्यांना स्पर्श न करता उभे आहे. तेथे १,१७७ जण मृत्यू पावले आणि त्यांतील बहुतेकांची समाधी त्याच नौकेत आहे. उथळ बंदरामुळे हे शक्य झाले. ‘खुकरी’च्या बाबतीत तो पर्याय नव्हता.

१९७१ च्या युद्धातील ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे उदाहरण अगदी उलट आहे. ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवानिवृत्त झाल्यावर ती काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. मूळ वस्तू हाती असूनही तिचे कायमस्वरूपी स्मारक आपल्याला करता आले नाही. खर्च व सुरक्षितता यांची कारणे पुढे आली, न्यायालयीन लढा झाला आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिच्या धातूपासून अर्झान खंबाटा यांनी घडवलेल्या शिल्पाचे २०१६ मध्ये मुंबईत लायन गेटसमोर अनावरण झाले. त्याच वर्षी तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकलही बाजारात आली. एकाच धातूचा एक भाग स्मारक झाला आणि दुसरा विक्रीची वस्तू, ही आपल्या काळातील स्मृतिव्यवहारावरील मार्मिक टिप्पणीच म्हणावी लागेल. ‘खुकरी’ बुडवणारी ‘हँगोर’ मात्र सेवानिवृत्तीनंतर कराची येथील सागरी संग्रहालयात जतन केलेली आहे. जिंकणाऱ्याकडे मूळ वस्तू आहे, गमावणाऱ्याकडे प्रतिकृती.

दीव येथे आता आणखी एक गुंतागुंत निर्माण झाली आहे. नौदलाच्या प्रथेनुसार गेलेल्या नौकेचे नाव नव्या नौकेला दिले जाते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ ही क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली. २६ जानेवारी २०२२ रोजी ती संग्रहालयासाठी दीवच्या प्रशासनाकडे सुपूर्द करण्यात आली. कल्पना हृद्य आहे. नाव पुढे चालवणे हे सर्वांत जिवंत स्मारक असते. दगडी स्मारक एका जागी राहते, नाव समुद्रावर फिरते. पहिल्या ‘खुकरी’ने अपूर्ण ठेवलेली सेवा दुसरीने ३२ वर्षे केली आणि ती अखेर त्याच किनाऱ्यावर आली, यात एक न्याय आहे.

परंतु चिकित्सेच्या दृष्टीने येथे धोकाही आहे. घाईत आलेल्या पर्यटकाला एक मोठी, खरीखुरी, शिडी चढून आत जाता येणारी ‘खुकरी’ दिसेल आणि एक लहान, काचेतील ‘खुकरी’ दिसेल. तो मोठीलाच ती बुडालेली नौका समजण्याचा किंवा नौका कधी बुडालीच नाही असा विचित्र ग्रह करून घेण्याचा संभव आहे. जिच्यावर युद्धात कोणी मृत्युमुखी पडले नाही ती नौका छायाचित्रांचे केंद्र बनेल आणि जिच्याबरोबर १९४ जण गेले तिची प्रतिकृती पार्श्वभूमीत जाईल. हे टाळायचे तर दोन नौकांमधील भेद स्पष्टपणे सांगणारी मांडणी आवश्यक आहे. योगायोगाने दोन्ही नौकांची लांबी जवळपास सारखी आहे. दुसरीच्या डेकवर उभे राहून पहिली केवढी असेल याची कल्पना करता येते. प्रतिकृतीने जे जमत नव्हते, म्हणजे मापाची जाणीव, ती ही नौका देऊ शकेल. मात्र ‘हीच ती’ असे न म्हणता ‘ती एवढी होती’ असे तिने सांगायला हवे.

समारोप

वरील चर्चेवरून काही निष्कर्ष काढता येतात. दीव येथील स्मारकाचे सामर्थ्य त्याच्या स्थानात आहे. समुद्राला स्मारकाचा भाग करून घेण्यात ते यशस्वी झाले आहे. त्याची मर्यादा त्याच्या रूपात आहे. अखंड नौका दाखवून ते मृत्यूला बाहेर ठेवते. कप्तानाच्या तेजस्वी कथेमुळे समूहाची कथा मागे पडते. आणि ग्रंथांतून जी कारणमीमांसा खुलेपणाने झाली आहे तिच्याविषयी स्मारकाची भाषा मौन पाळते.

हे मौन मोडण्यासाठी स्मारक पाडून नवे बांधण्याची आवश्यकता नाही. नव्या संग्रहालयात ९ डिसेंबरच्या रात्रीचा क्रम साध्या शब्दांत, नकाशासह मांडता येईल. १९४ जणांची नावे त्यांच्या कामासह देता येतील. वाचलेल्या ६७ जणांचाही उल्लेख तेथे हवा, कारण आपल्या स्मारकांमध्ये वाचलेल्यांना बहुधा जागाच नसते. जणू जिवंत राहणे हा सन्मानातील अडथळा असावा.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. इतिहास, मराठी व राज्यशास्त्र विभागांच्या अभ्याससहलींत दीवचा समावेश होतो तेव्हा किल्ल्याला जितका वेळ दिला जातो त्याचा अर्धाही या टेकडीला मिळत नाही. दुसरे म्हणजे, १९७१ मध्ये विशीत असलेले नौसैनिक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. पश्चिम ताफ्याचे ठाणे मुंबई असल्याने त्या युद्धात सहभागी झालेल्या अनेकांची कुटुंबे महाराष्ट्रात, विशेषतः किनारपट्टीवर, असणे स्वाभाविक आहे. त्यांच्या आठवणींचे मराठीतून संकलन हे स्थानिक महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्यासाठी उरलेला काळ फार नाही.

विजयाची स्मारके राष्ट्राला आत्मविश्वास देतात. हानीची स्मारके त्याला विवेक देतात. ‘ऑपरेशन ट्रायडेंट’चा अभिमान आणि ‘खुकरी’चा शोक हे एकाच आठवड्याचे, एकाच ताफ्याचे, एकाच इतिहासाचे भाग आहेत. पहिल्याचे स्मरण करताना दुसऱ्याविषयी नीट बोलता येणे, हे प्रौढ समाजाचे लक्षण होय. एक्सरच्या अनामिक पाथरवटाने लढाईची पट्टी तळाशी कोरून आपल्याला ते शतकांपूर्वीच दाखवून दिले आहे.